यादीतले नाव

नोकरशाहीचा इतिहास आपल्याकडे फारशा आवडीने वाचला जात नाही. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांनीच पुस्तके भरलेली असतात. परंतु सीमाभागातल्या वाचकाला ‘सेवाज्येष्ठता यादी’ म्हणजे काय, हे नव्याने सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार या भागांतले मुंबई राज्याचे कर्मचारी म्हैसूर राज्याच्या सेवेत गेले. पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमानुसार निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या लोकांच्या सेवांचे एकत्रीकरण व्हायचे होते. आपले नाव कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, हा प्रश्न माणसाला किती सतावतो, हे त्या पिढीने अनुभवले. म्हणूनच बढतीची यादी ही वस्तू मुळात कशासाठी जन्माला आली, हे शोधावेसे मला वाटले. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सरकारी नोकरी म्हणजे निवडणुकीतली लूट समजली जाई. जो पक्ष जिंकेल त्याने आपली माणसे भरावीत, असा रिवाज होता. २ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो नावाच्या एका निराश नोकरीइच्छुकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला गारफिल्ड मरण पावले, आणि लोकमत खवळले. १८८३ च्या जानेवारीत पेंडल्टन कायदा संमत झाला व केंद्रातल्या काही नोकऱ्या स्पर्धा परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानेही आपला कायदा केला.

या कायद्याचा मसुदा करण्यात डॉर्मन ईटन या वकिलाचा मोठा वाटा होता. त्याने ब्रिटनमधल्या नोकरशाहीचा अभ्यास करून १८८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. आणि ब्रिटनने तरी खुल्या परीक्षेचा पहिला मोठा प्रयोग कुठे केला? हिंदुस्थानच्या कारभारासाठी! कंपनीच्या संचालकांच्या मर्जीने होणाऱ्या नेमणुका १८५३ च्या सनदी कायद्याने संपल्या आणि १८५५ मध्ये लंडनला सनदी सेवेची पहिली स्पर्धा परीक्षा झाली. ज्या परीक्षेचे दार आपल्या लोकांना दीर्घकाळ अर्धेच उघडे होते, तिचे तत्त्व असे लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोचले.

परंतु कायदा झाला म्हणून वशिला संपला नाही. शहरावर टॅमनी हॉल या राजकीय टोळक्याची पकड होती. १८९४ मध्ये राज्याच्या सिनेटने नेमलेल्या लेक्सो समितीपुढे पोलीस खात्याची लक्तरे बाहेर आली. टिमथी क्रीडन नावाच्या कॅप्टनने आपल्या बढतीसाठी १५,००० डॉलर मोजल्याची कबुली दिली. पूर्वी १२,००० ठरले होते, पण दुसरा गिऱ्हाईक उभा राहिल्याने भाव चढला! ही रक्कम त्याच्या हितचिंतकांनी उभी करून दिली होती. एवढे कर्ज डोक्यावर घेऊन खुर्चीत बसलेला अधिकारी ते कुठून फेडणार, हे सांगायला नको. बढती विकली की कायदाही आपोआप विकला जातो. १८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले आणि दोन वर्षे त्यांनी ही घाण उपसण्याचा प्रयत्न केला.

पुढे यादीची पद्धत स्थिरावली. शिपायाने सार्जंटपदाची परीक्षा द्यायची, गुणांनुसार यादी लागायची, आणि जागा रिकामी होईल तसतसे वरून नाव उचलायचे. परंतु हिच्यात दोन खोचा आहेत. एक, वरच्या तीन नावांतून कोणालाही निवडण्याची मुभा वरिष्ठांना असते, म्हणजे पहिल्या नावाला वगळताही येते. दुसरी, यादीला आयुष्य असते. कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त चार. तेवढ्यात पाळी आली नाही, की यादी रद्द होते आणि उत्तीर्ण झालेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून परीक्षेला बसावे लागते. यादीत नाव असणे म्हणजे बढती नव्हे, ती केवळ रांगेतली जागा असते.

तरीही रांगेत उभे राहू देणे हीच कित्येकांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. फेलिशिया श्प्रिट्झर ही बाई १९४२ साली न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात दाखल झाली. ‘पोलीसबाई’ हे पदच वेगळे असल्यामुळे तिला सार्जंटच्या परीक्षेचे दार बंद होते. १९६१ मध्ये तिने अर्ज केला, तो नाकारला गेला. मग तिने शहरावरच दावा लावला. १९६३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती जिंकली. १९६४ मध्ये बायका परीक्षेला बसल्या, आणि १९६५ मध्ये श्प्रिट्झर व गर्ट्रूड शिमेल या दोघी त्या खात्यातल्या पहिल्या महिला सार्जंट झाल्या. शिपाईपदावर तेवीस वर्षे काढल्यानंतर! शिमेल १९७१ मध्ये कॅप्टन झाल्या. १९७३ मध्ये स्त्री-पुरुष शिपायांची पदनामे एक करण्यात आली.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे यादीचे मोल कळते. क्रीडनला खुर्ची मिळाली ती पैशाने. श्प्रिट्झरबाईंनी न्यायालयाकडे खुर्ची मागितलीच नव्हती, मागितली होती ती परीक्षेला बसण्याची परवानगी. यादी माणसाला लवकर न्याय देत नाही, कधी कधी देतच नाही. पण आपला क्रमांक काय, आपल्या पुढे कोण, आणि त्याला आपल्याआधी का घेतले, हे विचारण्याचा हक्क ती देते. मर्जीवर चालणाऱ्या राज्यात हा प्रश्न विचारायला जागाच नसते.

विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना मी म्हणूनच सांगत आलो आहे, की हक्क हे नुसते सनदांत आणि घोषणांत नसतात. ते कचेरीच्या फलकावर डकवलेल्या टंकलिखित कागदावरही असतात. तो कागद वेळेवर लागावा, सर्वांना वाचता यावा, आणि त्यावर नाव येण्याची वाट कोणालाही बंद नसावी, एवढ्यासाठी पुष्कळांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली आहेत. आपल्या भागातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी अशा यादीची वाट पाहत सेवानिवृत्ती गाठली, त्यांच्या प्रतीक्षेची नोंदही इतिहासात व्हायला हवी.