सेंटरिंगची कुळकथा

काँक्रीटला स्वतःचा आकार नसतो; सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे ओले मिश्रण ज्यात ओतावे त्याचे रूप घेते, आणि म्हणून काँक्रीटच्या प्रत्येक बांधकामाआधी एक तात्पुरते बांधकाम उभे करावे लागते. काँक्रीटला प्रत्यक्ष भिडणारा त्याचा भाग म्हणजे शटरिंग, तर खालून भार पेलणारे टेकू व आडवे दांडे म्हणजे आधाराचा सांगाडा. बांधकामावर या दोहोंना मिळून सेंटरिंग म्हणतात.

या साधनाचे मूळ कमानी आणि घुमट यांच्या लाकडी आधारांत आहे. रोममधील पँथिऑनचा, इ. स. 126च्या सुमारास पूर्ण झालेला, 43.3 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट अशाच लाकडी साच्यावर ओतला गेला. पुढे 1824 साली जोसेफ ॲस्पडिन यांना पोर्टलंड सिमेंटचे पेटंट मिळाले आणि काळाच्या ओघात काँक्रीट सर्वत्र पोहोचले, तरी साचा दीर्घकाळ सुताराच्याच हाती राहिला: फळ्या कापायच्या, ठोकायच्या आणि काम संपताच मोडायच्या.

हा अपव्यय थांबवण्यासाठी थॉमस एडिसन यांनी ओतीव लोखंडाच्या साच्यात अख्खे घर एकाच वेळी ओतण्याची पद्धत योजली आणि 1908 साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. न्यू जर्सीत अशी काही घरे उभीही राहिली, परंतु साच्याचा भांडवली खर्च लहान बांधकाम व्यावसायिकाला झेपण्याजोगा नसल्याने ती पद्धत रुजली नाही. टिकाऊ साचा पुनःपुन्हा वापरला तरच परवडतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

यानंतरची प्रगती याच सूत्राने झाली. 1930च्या दशकात विल्यम डी व्हिजिये यांनी लंडनमध्ये, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा आणि खीळ व आट्यांनी उंची जुळवता येणारा पोलादी टेकू बाजारात आणला. त्याच दशकात पाण्यात न सुटणाऱ्या राळेने चिकटवलेले प्लायवूड आले. आणि पुढे भिंती व स्लॅब एकत्र ओतता येतील असे, मजुरांना हातोहात वर नेता येणारे ॲल्युमिनियमचे पॅनेल आले, जे भारतात एका कंपनीच्या नावावरून ‘मिवान’ म्हणून ओळखले जातात.

म्हणून निवडीचा पहिला निकष पुनरावृत्ती हा होय: एकाच बंगल्याला भाड्याच्या प्लेटा आणि प्लायवूड पुरेसे असते, तर एकसारखे अनेक मजले असलेल्या इमारतीत ॲल्युमिनियमचा खर्च भरून निघतो. दुसरा निकष दाबाचा. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2,400 किलो असल्याने 3 मीटर उंचीचा कॉलम झपाट्याने भरल्यास तळाशी साच्यावर चौरस मीटरला सुमारे 7 टन दाब येऊ शकतो.

तिसरी बाब साचा काढण्याच्या वेळेची. साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आयएस 456:2000 हे भारतीय मानक 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस, तर त्याहून मोठ्या गाळ्याखालचे 14 दिवस ठेवण्यास सांगते. घाईचे मोल वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे 27 एप्रिल 1978 रोजी दिसले. शीतलन मनोऱ्याच्या आदल्याच दिवशी ओतलेल्या, पुरेसे बळ न आलेल्या काँक्रीटला जखडलेला साचा मचाणासह कोसळला आणि 51 कामगार मृत्युमुखी पडले. साच्याचे भाडे दिवसागणिक वाढत असले, तरी तो काढण्याचा निर्णय कंत्राटदाराने काँक्रीटचे बळ तपासूनच घेतला पाहिजे.