बदलेल तेवढेच पाठवायचे

वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्व्हरकडून काहीही हवे असले की अख्खे पान नव्याने मागवावे लागे. टपालाच्या यादीतली एक ओळ पुसली तरी मेनू, तक्ते, उरलेली यादी, सगळे पुन्हा उतरे. 28.8 केबीपीएसच्या मोडेमवर 100 केबीचे पान म्हणजे जवळजवळ अर्धा मिनिट. व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा मुंबईतल्या डायल-अप ग्राहकाला जेमतेम 9.6 केबीपीएस मिळत.

यातून खरी वाट काढली ती मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब ॲक्सेसच्या निर्मात्यांनी. पान जागचे न हलवता पाठीमागून सर्व्हरशी बोलण्यासाठी त्यांनी एक्सएमएलएचटीटीपी हा घटक रचला आणि मार्च 1999 मध्ये तो इंटरनेट एक्स्प्लोरर 5 बरोबर बाहेर पडला. मोझिलानेही तीच सोय उचलली, तरी तिचे मोल बहुतेकांना उमगायला 2004 चे जीमेल आणि 2005 चे गूगल मॅप्स यावे लागले. नकाशा बोटभर सरकवला की कडेचे नवे चौकोनी तुकडेच मागवले जात. बाकीचा नकाशा आधीच हाताशी असे. फेब्रुवारी 2005 मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले.

अशी मागवलेली माहिती मांडण्याच्या स्वरूपांत डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेल्या जेसनने आधीच्या एक्सएमएलला मागे टाकले, त्याचे श्रेय अनेकदा कमी बाइटांना दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. एक्सएमएलचे तेच ते टॅग जीझिप या आवळण्याच्या पद्धतीत चांगले आवळले जातात. जेसन जिंकले ते मुख्यतः जावास्क्रिप्टला सहज वाचता येते म्हणून.

गप्पांच्या खिडकीत मात्र एजॅक्स महाग पडे. नवीन निरोप आला का, हे दर काही सेकंदांनी विचारायचे, आणि उत्तर ‘नाही’ असले तरी प्रत्येक खेपेला कुकी धरून शेकडो बाइटांचे हेडर जायचे. डिसेंबर 2011 मध्ये प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटने जोडणी उघडी ठेवली. त्यावर ‘हो’ हा निरोप यूटीएफ-8 मध्ये 6 बाइटांचा. सर्व्हरकडून येताना त्यावर 2 बाइटांचे हेडर चढते, ब्राउझरकडून जाताना 6 बाइटांचे. खालच्या टीसीपी-आयपीचा भार तेवढा वेगळा.

2015 च्या एचटीटीपी/2 ने हेडरही आवळायला सुरुवात केली, त्यामुळे साध्या विनंत्यांचा खर्च उतरला. तोवर पानांचे वजन दुसरीकडे वाढले होते: हे सगळे चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्याच पहिल्या भेटीत शेकडो केबी उतरवू लागल्या होत्या.