न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे

संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना ती आपल्याला काही प्रश्न विचारते. भाषा कोणती, देश कोणता, डिस्कचे भाग कसे पाडायचे, मुख्य पासवर्ड काय? एका संगणकापुरती ही उत्तरे देणे सोपे असते. शेकडो संगणक घेणाऱ्या कार्यालयात मात्र प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसवावा लागतो, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे पडते. म्हणून उत्तरे एका फाईलमध्ये आधीच लिहून ठेवण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. सन कंपनीच्या सोलारिसमध्ये जम्पस्टार्ट, रेड हॅट लिनक्समध्ये किकस्टार्ट, विंडोज एनटीमध्ये अनअटेंड आणि २००५ च्या डेबियन ३.१ मध्ये प्रीसीड अशी तिची नावे होत. ही फाईल घालून नवी सीडी तयार केली की काम आपोआप पार पडते.

तंत्रज्ञांच्या दृष्टीने ही वेळेची बचत आहे. प्रशासकाने मात्र तिच्याकडे शासननिर्णय म्हणून पाहायला हवे.

विंडोज एक्सपीचेच उदाहरण घेऊ. ही प्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये आली. हिंदी व मराठीची सोय तिच्यात होती, पण ती सुरू करण्याचा चौकोन मुळात रिकामा असे. तो नंतर भरायचा तर मूळ सीडी लागे, आणि ती बहुधा कुणाच्या तरी कपाटात कुलूपबंद असे. मग ‘आमच्या संगणकावर मराठी येत नाही’ हे वाक्य कार्यालयोकार्यालयी ऐकू येई. महाराष्ट्राबाहेर मराठी पत्र उघडणाऱ्यांनी अक्षरांऐवजी चौकोनांच्या ओळी पाहिल्या असतील. वास्तविक उत्तरांच्या फाईलमध्ये भारतीय भाषांच्या गटाचा १५ हा क्रमांक आणि इनस्क्रिप्ट कळपाटाची नोंद एवढे लिहिले असते, तर त्या सीडीतून निघालेला प्रत्येक संगणक पहिल्या दिवसापासून देवनागरी जाणणारा झाला असता. इनस्क्रिप्ट तर १९९१ च्या भारतीय मानकातच समाविष्ट होते. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि ही सोय मुळातच सुरू राहू लागली. मधल्या वर्षांत भाषेचे जे नुकसान झाले, ते कोणाच्याही आदेशाने झाले नव्हते. प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, इतकेच.

याची दुसरी बाजूही आहे. त्याच फाईलमध्ये डिस्कची पुनर्विभागणी करण्यास ‘होय’ लिहिले, तर पहिल्या डिस्कवरील सर्व विभाग पुसले जातात. मुख्य पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिला असेल, तर सीडी हाती पडलेल्या कोणालाही तो वाचता येतो. अशी सीडी म्हणजे सही करून ठेवलेला कोरा कागदच.

या निर्णयाची जबाबदारी उघडपणे घेतल्याचे उदाहरण केरळमध्ये सापडते. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याने शाळांसाठी आधी डेबियनवर व पुढे उबंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली घडवली. तिच्यात मल्याळम आणि शालेय आज्ञावल्या आधीपासूनच घातलेल्या होत्या. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. केंद्राच्या पातळीवर सी-डॅकने डेबियनवरच आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये आणली. भारतीय भाषा गृहीत धरून केलेली ही रचना होती.

एक्सपीची अधिकृत साथ ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. सीडीची जागा आता पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कने घेतली आहे. परंतु उत्तरांची फाईल आजही असते, आणि ती बहुधा पुरवठादाराचा तंत्रज्ञच लिहितो. संगणकखरेदीच्या नस्तीत किंमत, हमी, स्मृतिक्षमता या सर्वांवर टिपण्या असतात. त्याच नस्तीत या फाईलची छापील प्रत जोडावी, प्रत्येक ओळीचा अर्थ तंत्रज्ञाकडून समजून घ्यावा आणि खाली अधिकाऱ्याने स्वाक्षरी करावी. नागरिकाला आपल्या भाषेत उत्तर मिळेल की नाही, हे पुष्कळदा त्या एका पानावर ठरते.