परीक्षेची भिंत आणि चिकाटीची शिडी

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या धर्मग्रामांतील मैदाने पहाटेच जागी होतात. कोणी पोलीस दलासाठी, कोणी अग्निशामक दलासाठी, तर कोणी सैन्यासाठी धावत असतो. पहाटेच्या मिस्सेला निघालेल्या वडीलधाऱ्यांना ही घामाने निथळणारी मुले-मुली वाटेत भेटतात. पुढे निकाल लागतो आणि त्यांतील बहुतेक चेहरे मैदानावर पुन्हा दिसत नाहीत. एका अपयशाने माणूस केवळ नोकरीला मुकत नाही, पुष्कळदा तो स्वतःवरचा विश्वासही गमावून बसतो. अशा वेळी आई-वडिलांनी त्याला काय सांगावे? ‘तुझ्या नशिबात नव्हते’ असे म्हणून विषय मिटवावा, की पुन्हा उभे राहायला सांगावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमची नजर न्यूयॉर्क शहराच्या अग्निशामक दलाच्या इतिहासाकडे वळली. त्या दलाच्या दाराशी माणसांनी किती वर्षे तिष्ठत काढली आणि ते दार कसे उघडले, ही कथा आमच्या कुटुंबांनी ऐकावी अशी आहे.

न्यूयॉर्कमध्ये १८६५ पर्यंत आगी विझविण्याचे काम स्वयंसेवक करीत. त्या साली पगारी दल स्थापन झाले आणि बंबवाल्याची नोकरी ही कायमच्या पोटापाण्याची सोय ठरली. साहजिकच तिच्यासाठी वशिले लागू लागले. राजकीय पुढाऱ्याच्या ओळखीने माणूस चिकटवायचा आणि त्याने निवडणुकीत पुढाऱ्याचे ऋण फेडायचे, अशी रीत सरकारी नोकऱ्यांत रूढ झाली होती. तिला आळा घालण्यासाठी १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नागरी सेवेचा कायदा केला आणि स्पर्धा परीक्षेचा मार्ग खुला झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. परीक्षा ही मुळात न्यायासाठी जन्मली. ज्याला कोणी वाली नाही अशा गरिबाच्या मुलालाही गुणांच्या जोरावर आत येता यावे, हा तिचा हेतू होता.

या मार्गाचा लाभ घेणाऱ्यांत आयर्लंडहून आलेल्या आमच्या कॅथलिक बांधवांची संख्या मोठी होती. दुष्काळाने देशोधडीला लागून ते अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा नोकरीच्या काही जाहिरातींत ‘आयरिश माणसाने अर्ज करू नये’ असे स्पष्ट छापलेले असे. त्याच आयरिशांच्या मुलांनी आणि नातवांनी अग्निशामक दल आपल्या शौर्याने गाजविले. बापामागून मुलगा आणि मुलामागून पुतण्या दलात येऊ लागला. प्रत्येक ठाणे म्हणजे जणू एक कुटुंबच झाले. मात्र कुटुंबाला उंबरठा असतो आणि त्या उंबरठ्याबाहेर कोण राहिले, याचा विचार आतल्यांना सहसा सुचत नाही.

बाहेर राहिलेल्यांपैकी एक होता वेस्ली विल्यम्स नावाचा कृष्णवर्णीय तरुण. त्याचे वडील ग्रँड सेंट्रल स्थानकावर हमालांचे प्रमुख होते. अंगाने धिप्पाड असलेल्या वेस्लीने शारीरिक परीक्षेत उत्कृष्ट गुण मिळविले आणि जानेवारी १९१९ मध्ये त्याची नेमणूक मॅनहॅटनच्या इटालियन वस्तीतील पंचावन्न क्रमांकाच्या ठाण्यात झाली. तो रुजू झाला त्याच दिवशी तेथील कॅप्टनने निवृत्ती पत्करली. उरलेल्या सहकाऱ्यांनी बदलीसाठी अर्ज केले. सुदैवाने वरिष्ठांनी त्या बदल्या रोखून धरल्या. वेस्लीशी कोणी बोलेना, कोणी त्याच्या शेजारी झोपेना. तरीही तो काम सोडून गेला नाही. आग लागली की तो इतरांच्या पुढे आत शिरे. १९२७ मध्ये तो लेफ्टनंट झाला, १९३४ मध्ये कॅप्टन आणि १९३८ मध्ये बटालियन प्रमुख. १९४० मध्ये त्याच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय जवानांची ‘व्हल्कन सोसायटी’ स्थापन झाली. एकट्याने सोसलेले मागून येणाऱ्यांना सोसावे लागू नये, ही त्यामागची भावना होती.

यानंतर जवळजवळ चार दशकांनी त्याच दाराशी स्त्रिया येऊन उभ्या राहिल्या. नोकरीत स्त्री-पुरुष भेद करू नये असा कायदा अमेरिकेत १९६४ मध्ये झाला होता आणि १९७२ मध्ये तो नगरपालिका व राज्य शासनांनाही लागू झाला. त्याचा परिणाम म्हणून १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या दलाने इतिहासात प्रथमच स्त्रियांना भरती परीक्षेस बसू दिले. चारशेहून अधिक स्त्रिया लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे १९७८ मध्ये शारीरिक चाचणी झाली. माणसाच्या वजनाचा पुतळा उचलून जिना चढणे-उतरणे, धावणे अशा अनेक कसोट्या तीत होत्या. सुमारे नव्वद स्त्रिया या चाचणीस हजर राहिल्या. पुरुषांपैकी निम्म्याच्या जवळपास उत्तीर्ण झाले. स्त्रियांपैकी मात्र एकही नाही!

अनुत्तीर्ण झालेल्यांत ब्रेंडा बर्कमन ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची तरुणी होती. तिने इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले होते आणि त्या वेळी ती न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत होती. वकिली करून सुखाने जगता येईल इतकी विद्या हाताशी असताना तिला ओढ होती ती बंबावर चढण्याची. नापास झाल्यावर तिने दोष कोणाला दिला? प्रथम तिने प्रश्न विचारला. ही चाचणी नेमके काय मोजते? आगीत सापडलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी जे बळ, जो दम आणि जे कौशल्य लागते तेच ती मोजते काय? समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा १९७९ मध्ये तिने आपल्यासारख्या सर्व स्त्रियांच्या वतीने संघराज्याच्या न्यायालयात शहराविरुद्ध दावा दाखल केला.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल आणि ती रास्त आहे. आग स्त्री-पुरुष पाहत नाही. जळत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आपले लेकरू अडकले असेल, तर वर येणारा जवान बळकट असावा असेच कोणत्याही आईला वाटेल. मग परीक्षा सोपी करा असे म्हणणे हा लोकांच्या जिवाशी खेळ नव्हे काय? दलातील अनेक प्रामाणिक जवानांचा विरोध याच भीतीतून आलेला होता. ही भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ब्रेंडाची मागणी परीक्षा सोपी करण्याची नव्हतीच. परीक्षा कामाशी जुळती असावी, एवढेच तिचे म्हणणे होते. बावखलातून पाणी काढणाऱ्या माणसाची निवड करायची आणि त्याला डोंगर चढायला लावायचे, तर त्यातून चांगला चढणारा सापडेल. पाणी निघेलच असे नाही.

मार्च १९८२ मध्ये न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी निकाल दिला. त्या शारीरिक चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी पुरेसा संबंध शहराला सिद्ध करता आला नाही, असे त्यांनी ठरविले. कामाला धरून नवी चाचणी घ्यावी आणि तीत उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रियांसाठी पंचेचाळीसपर्यंत जागा राखून ठेवाव्यात, असा त्यांनी आदेश दिला. नवी चाचणी झाली आणि त्याच वर्षी सुमारे चाळीस स्त्रिया प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. पहिल्या अपयशापासून गणवेश अंगावर चढेपर्यंत चार वर्षे उलटून गेली होती.

कथा येथेच संपती, तर ती गोड झाली असती. परंतु दार उघडले म्हणजे घरात जागा मिळाली असे होत नाही. अग्निशामक ठाण्यात जवान एकत्र स्वयंपाक करतात, एकत्र जेवतात. नवा माणूस पुस्तकांपेक्षा जुन्यांच्या संगतीतच अधिक शिकतो. स्त्रियांच्या वाट्याला या पंक्तीतून बहिष्कार आला. त्यांच्या साहित्यात ढवळाढवळ झाली. धुरात शिरताना पाठीवर घ्यावयाच्या नळकांड्यातील हवा काढून टाकण्यासारखे जीवघेणे प्रकारही घडले. उमेदवारीचे वर्ष संपताना, १९८३ मध्ये, ब्रेंडा बर्कमन आणि झैदा गोन्झालेस या दोघींना शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरवून कामावरून दूर करण्यात आले. दोघी पुन्हा न्यायालयात गेल्या. त्यांना सापत्न वागणूक मिळाली आणि इतरांना मिळते तसे शिक्षण मिळाले नाही, हे न्यायालयाने मान्य केले आणि डिसेंबर १९८३ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला.

परत जाणे हा आम्हांला या साऱ्या कथेतील सर्वांत कठीण क्षण वाटतो. पहिल्यांदा दार ठोठावताना माणसाला आतले ठाऊक नसते. दुसऱ्यांदा मात्र सारे ठाऊक असते, आणि तरीही जायचे असते. ब्रेंडा गेली. स्त्री जवानांना एकमेकींचा आधार मिळावा म्हणून तिने ‘युनायटेड विमेन फायरफायटर्स’ ही संघटना उभारली. वेस्लीने जे केले होते तेच तिनेही केले.

पुढची वाटही सरळ नव्हती. त्यानंतरच्या शारीरिक परीक्षेत वेग आणि ताकद यांवर पुन्हा भर देण्यात आला आणि १९८७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो शहराच्या बाजूने उचलून धरला. त्यामुळे नव्या स्त्रियांची भरती कित्येक वर्षे अगदी तुरळक राहिली. ब्रेंडा मात्र टिकून राहिली. १९९४ मध्ये ती लेफ्टनंट झाली आणि २००२ मध्ये कॅप्टन. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राचे मनोरे कोसळले, त्या दिवशी दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. बर्कमनबाई त्या दिवशी आणि पुढेही त्या ढिगाऱ्यांत काम करीत होत्या. त्याच दिवशी दलाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर मायकल जज उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर जवानांसाठी प्रार्थना करीत असता मरण पावले. मृतांच्या अधिकृत नोंदीत पहिला क्रमांक त्यांचा आहे. धूर आणि राख यांखाली कोण आयरिश, कोण कृष्णवर्णीय, कोण पुरुष, कोण स्त्री हे ओळखूही येत नव्हते. बर्कमनबाई २००६ मध्ये निवृत्त झाल्या.

लेखी परीक्षेचीही अशीच कहाणी आहे. ती कृष्णवर्णीय उमेदवारांवर अन्याय करते असे न्यायालयाने १९७३ मध्ये म्हटले होते. २००७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने पुन्हा दावा लावला आणि व्हल्कन सोसायटी त्यात सामील झाली. २००९ मध्ये १९९९ व २००२ सालच्या परीक्षा दोषी ठरल्या. २०१४ मध्ये शहराने ९.८ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली. तोवर काही उमेदवारांचे तारुण्य सरले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये लॉरा कॅव्हना या दलाच्या पहिल्या स्त्री आयुक्त झाल्या. २०२४ पर्यंत त्या पदावर होत्या. ज्या दारातून १९७८ मध्ये एकाही स्त्रीला आत घेतले गेले नाही, त्या घराच्या किल्ल्या एका स्त्रीच्या हाती येण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. या शौर्याच्या परंपरेत स्त्रीलाही स्थान असावे, हे आपल्याकडे फार उशिरा सुचले. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात केवळ मुलेच शिकत. २००२ मध्ये तेथे हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्याच मुलीने प्रवेश मिळविला. मुलींचे वसतिगृह नव्हते, म्हणून घरून ये-जा करीत तिने अभ्यासक्रम पूर्ण केला. जड नळ्या ओढणे, शिडी चढणे, कवायत, यांपैकी कशातही तिने सूट मागितली नाही. २००६ मध्ये ती तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत रुजू झाली. देशातील पहिली स्त्री अग्निशमन अभियंता म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

या इतिहासातून आमच्या मैदानावरील मुला-मुलींनी काय घ्यावे? प्रत्येक अपयशामागे अन्याय असतो, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा आपलीच तयारी उणी पडलेली असते आणि मग पहाटे आणखी एक फेरी धावणे हाच उपाय असतो. ब्रेंडानेही खटला चालू असताना व्यायाम सोडला असता, तर नव्या चाचणीच्या दिवशी न्यायालयाचा निकाल तिच्या कामी आला नसता. पण कधीकधी मोजपट्टीच वाकडी असते. तेव्हा ती वाकडी आहे हे शांतपणे, पुराव्यानिशी दाखवून देण्यासाठीही तितकाच दम लागतो. आपल्यात काय कमी आहे आणि मोजपट्टीत काय कमी आहे, हे वेगवेगळे ओळखणे याला आम्ही विवेक म्हणतो. विवेकावाचून चिकाटी ही नुसती हट्टाची पायरी ठरते.

आणि आम्हां वडीलधाऱ्यांसाठीही येथे एक धडा आहे. ज्यांच्या पूर्वजांना एकेकाळी दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्याच वंशजांनी पुढे दुसऱ्यांसाठी तेच दार लोटून घेतले. त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी आमच्या संस्थांच्या, आमच्या मंडळांच्या, आमच्या घरांच्या उंबरठ्याशी कोण तिष्ठत आहे, हे एकदा बाहेर डोकावून पाहिले पाहिजे. उद्या पहाटे मिस्सेला जाताना मैदानावर एखादी मुलगी एकटी धावताना दिसली, तर क्षणभर थांबून तिची विचारपूस करावी. निकालानंतर ती पुन्हा तेथे दिसली, तर नक्कीच थांबावे.