भिंतीला वाचा फुटली त्याची कुळकथा

डहाणूजवळच्या नरपडच्या एखाद्या घरात संगणकाच्या पडद्यावर फायरवॉलची सूचना उमटली की दोनपैकी एक गोष्ट होते. घरातले घाबरतात, नाही तर न वाचताच ‘अलाउ’ दाबून मोकळे होतात. दोन्हींचे मूळ एकाच गैरसमजात आहे. फायरवॉलची सूचना म्हणून जे काही ओळखले जाते, त्यात दोन वेगळ्या कुळांतले निरोप एकत्र नांदतात. पहिला सांगतो, बाहेरून कुणी दार ठोठावले, त्याला परतवले. दुसरा विचारतो, घरातलाच एक प्रोग्राम दार उघडू पाहतो आहे, उघडू द्यायचे का? पहिल्यात बहुधा करण्यासारखे काहीच नसते. दुसरा मात्र उत्तर मागतो. ही सरमिसळ कशी झाली, ते इतिहासात डोकावल्याशिवाय उमगत नाही.

फायरवॉल मुळात घरासाठी जन्मलीच नव्हती. नोव्हेंबर 1988 मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याच्या वर्मने, म्हणजे जाळ्यातून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, हजारो संगणक लुळे केले, आणि संशोधनसंस्थांच्या आपसातल्या भाबड्या विश्वासाला तडा गेला. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधले अभियंते पॅकेटचा, म्हणजे जाळ्यातून येणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा, पत्ता आणि पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, पाहून ते आत सोडायचे की अडवायचे हे ठरवणारी गाळणी तयार करत होते. 1994 मध्ये चेक पॉइंट या कंपनीची फायरवॉल बाजारात आली. ही सगळी व्यवस्था संस्थेच्या वेशीवर असे, आणि तिच्या नोंदी वाचायला जाणकार माणूस नेमलेला असे. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पुण्यातल्या काटकर बंधूंचे क्विक हील त्या काळात फ्लॉपीवरून पसरणाऱ्या व्हायरसांशी झुंजत होते. घरच्या संगणकाचा शत्रू तेव्हा वायरीतून नव्हे, मित्राच्या खिशातून येत असे.

संगणक तासन्‌तास जोडलेला राहू लागला, तशी वेशीवरची राखण घरात आली. 1999 च्या सुमारास ब्लॅकआइस डिफेंडर हा घरगुती राखणदार प्रोग्राम आला. कोणत्या पत्त्यावरून हल्ला झाला, हे तो घरमालकाला कळवू लागला. पाठोपाठ झोनअलार्म लोकप्रिय झाला; तो प्रत्येक प्रोग्रामला बाहेर जाण्याआधी अडवून परवानगी विचारू लागला. दोन्ही कुळे अशी एकाच काळात घरात शिरली. त्यात धंद्याचे गणितही असावे, कारण मूकपणे काम करणाऱ्या राखणदारासाठी पैसे मोजायला कोण तयार होईल? विंडोज एक्सपीत 2001 पासून फायरवॉल होती, पण सहसा बंदच. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर वर्म 135 क्रमांकाच्या पोर्टमधून शिरला आणि साठ सेकंदांची उलटी गणती दाखवत संगणक बंद पाडू लागला. वर्षभरात, ऑगस्ट 2004 मध्ये, सर्व्हिस पॅक 2 आला आणि फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तिने बाहेरच्या ठोठावण्याबद्दल मौन पाळले; एखाद्या प्रोग्रामला बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारायच्या असतील तरच ती विचारू लागली.

हे मौन धोक्याचे नाही का, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर ठोठावण्याच्या स्वरूपात आहे. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन आणले. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही4) जगातले सगळे इंटरनेट-पत्ते एका संगणकावरून पाऊण तासाच्या आत तपासता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे दार वाजवणाऱ्याला नरपड ठाऊक नसते, तो ओळीने सगळीच दारे वाजवत असतो. डहाणू-तलासरीकरांना हा भेद नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर 2018 पासून इथे भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा धुंदलवाडी परिसरातल्या यंत्रांनी माणसाला जाणवतही नाहीत असे कितीतरी धक्के टिपले. शास्त्रज्ञांना त्यातला प्रत्येक धक्का मोलाचा. पण प्रत्येक नोंदीला घराबाहेर पळायचे तर संसार कसा व्हायचा? परतवलेल्या ठोठावण्यांचेही तसेच आहे. त्यांच्या एकत्रित नोंदी देशाच्या सायबर सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या सर्ट-इनसारख्या संस्थेला उपयोगी पडतात, एकट्या घराला क्वचितच.

दुसऱ्या कुळातला निरोप मात्र सावकाश वाचावा. खिडकीत प्रोग्रामचे नाव असते, तो बनवणाऱ्याचे नाव असते, फाइल संगणकात कुठे आहे तेही असते. घरगुती म्हणजे प्रायव्हेट आणि सार्वजनिक म्हणजे पब्लिक नेटवर्क, असे दोन पर्यायही दिसतात. आपण नुकताच उघडलेला खेळ किंवा व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम असेल, तर प्रश्न स्वाभाविक आहे. काहीही उघडलेले नसताना डाउनलोडच्या फोल्डरमधला अनोळखी प्रोग्राम परवानगी मागत असेल, तर ‘कॅन्सल’ दाबावे. शंका असली तरी तेच. नकार बहुतेक वेळा नंतर सेटिंगमध्ये जाऊन मागे घेता येतो, पण दार उघडून आत आलेला इतक्या सहजी बाहेर जात नाही. स्थानकावरच्या फुकट वाय-फायवर तर सार्वजनिक नेटवर्कची परवानगी देऊच नये. यावर कुणी म्हणेल, फायरवॉल स्वतःच फुटली तर? तसेही घडले आहे: मार्च 2004 मध्ये विटी वर्म ब्लॅकआइसच्याच चुकीतून संगणकांत शिरला. त्यातून फायरवॉल निरुपयोगी ठरत नाही, ती अद्ययावत ठेवावी लागते एवढेच ठरते. राखणदाराने निमूटपणे करायचे काम त्याच्यावर सोपवावे आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला वाचून उत्तर द्यावे, एवढी वाटणी पाळली तरी घाबरणे आणि डोळे झाकून ‘अलाउ’ दाबणे, दोन्ही टळते.