दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय फॉर्म्युला वन स्पर्धा (१९६०-१९७५) : जुन्या गाड्या आणि वर्णभेदी समाज

प्रस्तावना

मोटारशर्यतींचा इतिहास प्रामुख्याने जागतिक विजेतेपदाच्या अंगाने लिहिला गेला आहे. इंग्लंड, इटली, फ्रान्स व जर्मनी येथील कारखाने, तेथील नामवंत चालक आणि दरवर्षी अधिक वेगवान होत जाणारी यंत्रे हेच त्या इतिहासाचे विषय ठरले. कारखान्याच्या दृष्टीने जुनी झालेली गाडी पुढे कोठे गेली, कोणी विकत घेतली आणि कशी चालविली, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. इ. स. १९६० ते १९७५ या काळात दक्षिण आफ्रिकेत एकासनी मोटारगाड्यांची जी राष्ट्रीय स्पर्धा भरत असे, तिचा मोठा आधार अशा जुन्या ग्रां प्री गाड्या हाच होता. पुढे ब्रिटनमध्ये १९७८ ते १९८० व १९८२ या वर्षी अशाच स्वरूपाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. परंतु दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धा तिच्यापूर्वीची आणि तिच्याहून दीर्घायुषी होती. प्रस्तुत लेखात या स्पर्धेची जडणघडण, तिला बळ देणारी व अखेर तिचा अंत घडविणारी कारणे आणि तिच्या 'राष्ट्रीय' या विशेषणाची मर्यादा यांचा विचार केला आहे.

स्पर्धेचा उदय

दक्षिण आफ्रिकेत मोटारशर्यतींची परंपरा दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून होती. ईस्ट लंडन या समुद्रकाठच्या शहरात डिसेंबर १९३४ मध्ये पहिली दक्षिण आफ्रिकी ग्रां प्री झाली व ती व्हिटनी स्ट्रेट याने जिंकली. महायुद्धानंतर केप टाऊनजवळ किलार्नी, पीटरमॅरित्झबर्ग येथे रॉय हेस्केथ आणि जोहान्सबर्गच्या उत्तरेस क्यालामी (१९६१) असे शर्यतमार्ग सुरू झाले. ऱ्होडेशियातील बुलावायो व पोर्तुगीज मोझांबिकमधील लोरेन्सो मार्किस येथील शर्यतीही या वर्तुळातच मोडत. म्हणजे ही स्पर्धा नावाने एका राष्ट्राची असली, तरी प्रत्यक्षात ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील गोऱ्या राजवटींची सामाईक स्पर्धा होती. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पहिल्या दोन वर्षांचे, म्हणजे १९६० व १९६१ चे, विजेतेपद सिड व्हॅन डर व्हायव्हर याने मिळविले. त्याच्यानंतर १९६२ मध्ये एर्नी पीटर्से व १९६३ मध्ये नेव्हिल लेडर्ली विजेते झाले. त्यानंतर जॉन लव्ह याने १९६४ ते १९६९ आणि डेव्ह चार्ल्टन याने १९७० ते १९७५ असे प्रत्येकी सलग सहा वेळा विजेतेपद राखले. सोळा वर्षांत केवळ पाच विजेते, यावरूनच चांगली गाडी मिळविण्याची ऐपत किती थोड्या लोकांपाशी होती, हे दिसून येते.

गाड्या येत कोठून?

युरोपातील हिवाळ्यात तेथील संघ शर्यतींसाठी दक्षिण गोलार्धात येत. डिसेंबर १९६२ मध्ये ईस्ट लंडनची शर्यत जागतिक विजेतेपदाच्या मालिकेत समाविष्ट झाली. जिम क्लार्कची गाडी बंद पडून ग्रॅहम हिल विश्वविजेता झाला, तो याच शर्यतीत. त्याच दिवशी लेडर्लीने लोटस २१ या गाडीने सहावा क्रमांक पटकावून जागतिक स्पर्धेतील एक गुण मिळविला. लोटस २१ ही १९६१ ची, म्हणजे कारखान्याने मागे टाकलेली गाडी होती, ही गोष्ट बोलकी आहे.

ज्यांना जुनी गाडीही परवडत नसे, त्यांच्यासाठी स्थानिक कारागिरीचा मार्ग होता. डग सेरुरिए याने आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून एलडीएस ही गाडी तयार केली. तिचा सांगाडा आरंभी कूपरच्या व पुढे ब्रॅबॅमच्या धर्तीवर बांधलेला असे. इंजिन अनेकदा आल्फा रोमिओच्या साध्या रस्त्यावरील मोटारीचे असे. ऱ्होडेशियाचा सॅम टिंगल याच गाडीतून जागतिक शर्यतींत उतरला. या गाड्यांना केवळ नकला म्हणून बाजूला सारणे उचित नाही. कारखाना सहा हजार मैलांवर आणि सुटा भाग जहाजाने येणार, अशा परिस्थितीत गाडी पुढच्या शर्यतीला उभी करणे हे स्वतंत्र कौशल्य होते. क्यालामीचा मार्ग समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, तर किनाऱ्यावरील ईस्ट लंडनला ती पुन्हा पूर्ण मिळते. त्यामुळे एकच इंजिन दोन ठिकाणी दोन प्रकारे जुळवावे लागे. हे ज्ञान स्थानिक कार्यशाळांपाशी होते.

क्यालामी, २ जानेवारी १९६७

या स्पर्धेने घडविलेल्या चालकाची आणि गाडीची खरी कसोटी १९६७ च्या जागतिक शर्यतीत लागली. जॉन लव्ह हा मूळचा बुलावायोचा. त्याचे वय त्या वेळी ४२ होते. त्याची कूपर टी-७९ ही गाडी १९६५ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील टास्मन मालिकेसाठी ब्रूस मॅक्लारेनकरिता बांधलेली होती. तिच्यात २.७ लिटरचे चार सिलिंडरचे कॉव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन होते. ही कंपनी एरवी अग्निशामक पंपांसाठी प्रसिद्ध होती आणि याच घराण्याच्या इंजिनावर जॅक ब्रॅबॅमने १९५९ व १९६० ची जागतिक विजेतेपदे जिंकली होती. १९६६ पासून फॉर्म्युला वनची मर्यादा तीन लिटर झाली होती. सारांश, नव्या युगातील शर्यतीत मागच्या युगाचे इंजिन घेऊन हा चालक उभा होता. तरीही त्याने आरंभक्रमात पाचवे स्थान मिळविले.

शर्यत ८० फेऱ्यांची होती. उन्हाळ्याच्या त्या दिवशी नव्या मोसमातील अपुऱ्या तयारीच्या गाड्या एकामागून एक मागे पडत गेल्या. आघाडीवर असलेल्या डेनी हल्मला ब्रेकच्या बिघाडामुळे थांबावे लागले आणि सुमारे साठ फेऱ्यांनंतर लव्ह पहिल्या क्रमांकावर आला. जुनी, साधी गाडी तुटली नाही, हेच तिचे सामर्थ्य ठरले. परंतु तिच्या टाक्या छोट्या शर्यतींच्या हिशेबाने बनविलेल्या होत्या. एवढ्या लांब अंतरासाठी जादा टाक्या बसविल्या होत्या. इंजिन अडखळू लागले तेव्हा इंधन पुरणार नाही, अशी शंका आली. केवळ सात फेऱ्या उरलेल्या असताना लव्हला इंधनासाठी आत यावे लागले. मेक्सिकोचा पेद्रो रॉद्रिगेझ आपल्या कूपर-मासेराती गाडीतून पुढे गेला आणि जिंकला. लव्ह सुमारे २६ सेकंदांनी दुसरा आला. विश्वविजेता राहिलेला जॉन सर्टीझ तिसरा होता.

या घटनेचे वर्णन बहुधा दैवाचा फेरा म्हणून केले जाते. इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. दुसऱ्या कामासाठी बांधलेली गाडी विकत घेऊन तिला आपल्या कामाला जुंपणे हीच या स्पर्धेची रीत होती. त्या रीतीने लव्हला आघाडीवर नेले आणि तिनेच त्याला सात फेऱ्या आधी थांबविले.

कॉसवर्थ इंजिन आणि तंबाखूचा पैसा

याच वर्षी जूनमध्ये कॉसवर्थ डीएफव्ही हे तीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन लोटस ४९ या गाडीत बसवून झांडफूर्ट येथे उतरविण्यात आले आणि पहिल्याच शर्यतीत क्लार्क जिंकला. पुढील वर्षापासून ते इतर संघांनाही विकत मिळू लागले. त्यामुळे विश्वविजेत्याच्या आणि दूर देशातील खासगी चालकाच्या गाडीत एकाच जातीचे इंजिन असणे प्रथमच शक्य झाले. लव्हने लोटस ४९ घेतली. चार्ल्टनची पहिली विजेतेपदेही याच नमुन्याच्या गाडीशी निगडित आहेत.

हा खर्च सिगारेट कंपन्यांनी उचलला. १ जानेवारी १९६८ रोजी क्यालामीला लव्ह व टिंगल यांच्या गाड्या 'गन्स्टन' सिगारेटच्या रंगांत रंगविलेल्या होत्या. तोवर गाड्यांना राष्ट्राचे रंग देण्याची प्रथा होती. लोटसने गोल्ड लीफ सिगारेटचे रंग स्वीकारले ते त्याच वर्षी, पण गन्स्टननंतर. आजची सर्वपरिचित जाहिरातपद्धती ग्रां प्रीच्या मैदानात केंद्राकडून नव्हे तर परिघाकडून आली, हे विशेष होय.

तथापि या पैशाने स्पर्धेचा मूळ पायाच हलविला. प्रतिस्पर्ध्यापाशी एक वर्ष जुनी गाडी असेल तर तीन वर्षे जुनी गाडी निरुपयोगी ठरते. चार्ल्टनने 'लकी स्ट्राइक'च्या पाठबळावर लोटस ७२ आणली; १९७२ मध्ये एमर्सन फिटिपाल्डी याच नमुन्यावर विश्वविजेता झाला होता. १९७४ मध्ये चार्ल्टन मॅक्लारेन एम-२३ चालवीत होता आणि त्या वर्षीचा विश्वविजेता फिटिपाल्डीही त्याच नमुन्याची गाडी चालवीत होता. गन्स्टन संघाने दोन लोटस ७२ घेतल्या. जुन्या आणि नव्या गाडीतील अंतर जवळजवळ मिटले. त्याबरोबर सेरुरिएसारख्या कारागिराला असलेली जागाही मिटली.

'राष्ट्रीय' कोणाची?

या सोळा वर्षांतील पाचही विजेते गोरे होते. हा योगायोग नव्हे. १९५३ च्या स्वतंत्र सुविधा कायद्याने सार्वजनिक जागा वर्णानुसार विभागल्या होत्या. १९५६ मध्ये गृहमंत्री डॉंगेस यांनी गोऱ्या व अन्य वर्णीय खेळाडूंनी एकत्र खेळू नये, असे धोरण जाहीर केले. त्याच वर्षीच्या औद्योगिक सलोखा कायद्याने ठरावीक कामे ठरावीक वंशासाठी राखून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मोटारशर्यत हा खेळ कार्यशाळेतून, भांडवलातून आणि प्रशिक्षणातून उभा राहतो. ही तिन्ही द्वारे बंद असल्यावर शर्यतमार्गावर निराळी बंदी घालण्याची गरजच उरत नाही.

नाताळ प्रांतातील भारतीय वंशाचा गोल्फपटू सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम याचे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. १९६३ मध्ये त्याने डर्बनला नाताळ ओपन जिंकली आणि त्याला चषक क्लबच्या इमारतीबाहेर, पावसात देण्यात आला. गोल्फची काठी कॅडीच्या हाती तरी येत होती. ग्रां प्री गाडी कोणाही बहुसंख्याकाच्या हाती येण्याचा संभव नव्हता. रॉय हेस्केथ शर्यतमार्ग ज्या पीटरमॅरित्झबर्ग शहरात होता, तेथीलच स्थानकावर १८९३ मध्ये मोहनदास गांधी यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले होते, हे मराठी वाचकास आठवल्यावाचून राहत नाही.

आंतरराष्ट्रीय बहिष्काराच्या बाबतीतही मोटारशर्यत अपवाद ठरली. दक्षिण आफ्रिकेला १९६४ च्या ऑलिंपिकचे निमंत्रण मिळाले नाही, १९७० मध्ये ऑलिंपिक समितीने तिला बाहेर काढले आणि त्याच वर्षी तिच्या क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा रद्द झाला. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला व चषकावर पाणी सोडले. त्याच वर्षी क्यालामीला जागतिक शर्यत नेहमीप्रमाणे झाली. ऱ्होडेशियाने नोव्हेंबर १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी तिच्यावर निर्बंध लादले. लव्ह मात्र विजेतेपदे जिंकत राहिला. गाड्या विकणाऱ्या युरोपीय संघांनी गिऱ्हाइकाचे राजकारण विचारले नाही. या खेळात धनी राष्ट्र नसून व्यापार असतो, असे म्हणणे त्या काळापुरते तरी अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

अंत

नोव्हेंबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी आपली तेलबंदी दक्षिण आफ्रिकेलाही लागू केली. गाड्यांच्या वाढत्या किमतीपुढे मोजकेच संघ टिकून होते. पहिल्या दोन-तीन गाड्यांमागे स्पर्धा अशी उरत नव्हती. १९७५ चा मोसम अखेरचा ठरला. १९७६ पासून राष्ट्रीय विजेतेपद १६०० सीसी इंजिनाच्या फॉर्म्युला अटलांटिक गाड्यांना देण्यात येऊ लागले व इयन शेक्टर त्या प्रकारातील पहिला विजेता झाला. क्यालामीची जागतिक शर्यत त्यानंतरही १९८५ पर्यंत चालली. त्या शेवटच्या वर्षी लिजिए व रेनॉ या फ्रेंच संघांनी तीत भाग घेतला नाही. रॉय हेस्केथ मार्ग १९८१ मध्ये बंद पडला. ऱ्होडेशियाचे १९८० मध्ये झिंबाब्वे झाले. सहा वेळा दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय विजेता ठरलेला जॉन लव्ह त्याच देशात, बुलावायो येथे, २००५ मध्ये मरण पावला.