उशाशी बसणाऱ्यांचा इतिहास

सोलापुरातील आमच्या एका मावसबंधूंवर गेल्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यांचे उभे आयुष्य चादरीच्या यंत्रमागावर गेलेले. मणक्यावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु पायांत पूर्वीचे बळ येईना. म्हणून व्यायामोपचारांसाठी त्यांना एका पुनर्वसन केंद्रात ठेवण्यात आले. आम्ही भेटीस गेलो आणि धर्मगुरूने करावयाचे ते सर्व केले. प्रार्थना म्हटली, ख्रिस्तशरीर दिले, धीराचे चार शब्द बोललो आणि घड्याळाकडे पाहून उठलो. दाराशी पोहोचतो तोच मागून शब्द आले, "फादर, सगळे येतात, धीर देतात आणि जातात. मला कुणी काही काम सांगत नाही."

लहानपणापासून आम्ही त्यांना अण्णा म्हणतो आणि ते आम्हांला घरच्या नावाने हाक मारतात. त्या दिवशी मात्र त्यांनी 'फादर' म्हटले. आम्ही आप्त म्हणून आलोच नव्हतो, हे त्यांनी ओळखले होते. परतीच्या वाटेवर एकच प्रश्न मनात घोळत राहिला : आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याने नेमके काय करावयाचे असते? शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो. उशाशी बसणाऱ्यांचा सहसा लिहिला जात नाही. पण तो शोधला तर सापडतो.

सोलापूर ज्या पुणे धर्मप्रांतात मोडते, त्याची स्थापना १८८६ साली झाली आणि त्याच्या जडणघडणीसाठी जर्मन येशूसंघीयांनी आयुष्य वेचले. त्यांच्या संघाच्या संस्थापकाचे जीवन एका रुग्णशय्येवरच पालटले होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून लोयोलाच्या इग्नाती यांचा उजवा पाय मोडला व डावाही जखमी झाला. त्यांना पालखीत घालून घरी आणले. हाड नीट बसले नव्हते, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी देण्याची आजची सोय त्या काळी नव्हती. जूनच्या अखेरीस त्यांची आशा सुटली आणि मरणोन्मुखाला द्यावयाचे संस्कारही त्यांना देण्यात आले. त्यातून ते वाचले. पुढे गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला, तो त्यांनी स्वतःच्या हट्टाने कापून घेतला. तरीही त्यांची चाल जन्मभर लंगडीच राहिली.

त्यानंतर आले ते अंथरुणावरचे लांबलचक महिने. वेळ घालवायला त्यांनी शूर सरदारांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. त्यांच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे आली. ही पुस्तके त्यांच्या भावजय माग्दालेना यांच्याकडची होती, असे परंपरा मानते. इग्नाती नुसते वाचून थांबले नाहीत. त्यांनी एक वही घेतली आणि प्रभूचे शब्द तांबड्या शाईने व पवित्र मरीयेचे शब्द निळ्या शाईने उतरवून काढू लागले. ती वही सुमारे तीनशे पानांची झाली. शल्यविशारदांनी त्यांना जगवले. परंतु ते उठून ज्या नव्या वाटेने चालू लागले, ती वाट त्या पुस्तकांनी आणि त्या वहीने दाखवली. घरच्या माणसांनी पुस्तके पुढे केली आणि आजाऱ्याने त्यांतून स्वतःसाठी काम शोधले.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उघडले. पंथाने ते आपले नव्हे. पण दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांसाठी शस्त्रक्रिया म्हणजे मिरज, असे समीकरण होऊन गेले. कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ साली पंढरपूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. वारकऱ्यांना विठोबाच्या भेटीस नेणारा तो लोहमार्ग आता रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना पुढे मिरजेपर्यंत नेऊ लागला.

त्या काळच्या मिशन रुग्णालयांत रुग्णाबरोबर घरचे माणूस राहत असे. आवारात चूल मांडून भाकरी थापावी, भात शिजवावा, रुग्णाचे अंग पुसावे, रात्री खाटेजवळ पथारी पसरावी, अशी ती सेवा होती. त्या सेवेपुढे आमची पंधरा मिनिटांची भेट किती उणी! तथापि या मायेला एक दुसरी बाजूही आहे. "तू उठू नकोस, आम्ही आहोत ना," हे आपल्या घरांतले अत्यंत प्रेमाचे वाक्य. पण जखम भरल्यावरही ते चालू राहिले, तर त्याच प्रेमाने माणूस खाटेला खिळतो.

ही गाठ सोडवण्याचा मोठा प्रयत्न युद्धकाळात झाला. पहिल्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९१७ साली क्वीन मेरी यांच्या नावाची एक तंत्रशाळा निघाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीस स्थिरावली. जखम बरी झाल्यावरही सैनिक पूर्ण बरा झालेला नसतो, त्याच्या हाती उद्योग द्यावा लागतो, हे त्या शाळेमागचे तत्त्व. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. आज आपण ज्याला पुनर्वसन म्हणतो त्याचा पाया महाराष्ट्रात असा घातला गेला.

याच विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सापडते. तेथील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस यांच्या मज्जारज्जूला १९५४ साली मोटार अपघातात इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्यांचे सहकारी शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी केवळ सांत्वन केले नाही. बसूनही शस्त्रक्रिया करता येते, हे त्यांना पटवले. डॉ. मेरी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे त्यांनी परदेशी जाऊन पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९६६ साली वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली ती त्यांच्याच प्रयत्नांनी. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पाय परत आले नाहीत. त्यांचे काम परत आले.

हा सारा इतिहास चाळून आम्ही दुसऱ्यांदा अण्णांकडे गेलो. तत्पूर्वी व्यायाम करवून घेणाऱ्या ताईंना विचारले, बसल्या जागी यांना काय करता येईल? हातांचे कोणतेही हलके काम चालेल, असे त्या म्हणाल्या. आमच्या चर्चमध्ये एका डब्यात तुटलेल्या जपमाळा वर्षानुवर्षे साठल्या होत्या. तो डबा आम्ही अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटले, "अण्णा, मुलांच्या प्रथम कम्युनियनला माळा कमी पडतात. एवढ्या दुरुस्त करून द्या." त्यांनी एक माळ उचलली, तुटलेले टोक डोळ्यांजवळ धरले आणि आम्हांला आमच्या घरच्या नावाने हाक मारून म्हणाले, "हा दोरा कसला रे आणलास? चांगला आण." ते अजून आधाराशिवाय चालत नाहीत, पण पुढच्या भेटीत बावीस माळा तयार होत्या.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूबाईंकडे जातो, हात धरून त्यांना उठवतो, आणि त्या लगेच पाहुण्यांच्या सेवेला लागतात. आम्ही हा उतारा कितीदा तरी वाचला होता. त्यातला शेवटचा भाग केवळ आतिथ्याचा नसून त्यांच्या बरे होण्याचाच आहे, हे मात्र आम्हांला अण्णांनी शिकवले.

संत जॉन पॉल दुसरे यांनी नेमून दिलेला जागतिक रुग्णदिन १९९३ पासून दरवर्षी ११ फेब्रुवारीस पाळला जातो. त्या दिवशी, किंबहुना त्याची वाट न पाहता, आपण आप्तांच्या भेटीस जाऊ तेव्हा फळे अवश्य न्यावीत, प्रार्थना अवश्य म्हणावी. परंतु निघण्यापूर्वी एखादे काम त्यांच्याकडे जरूर मागावे. आपली अजून कुणाला तरी गरज आहे, हे आजाऱ्याला त्याच्या माणसांकडूनच कळावे लागते.